आश्चर्य दाखवायला गेले आणि टोमणा बसला: क्वेश्चन टॅगचा घोळ कसा निस्तरायचा

नागपुरात स्पोकन इंग्लिशचे वर्ग घेताना एक गाऱ्हाणं माझ्याकडे जवळजवळ प्रत्येक बॅचमध्ये येतं. सांगणारे वेगळे असतात, दुखणं एकच: क्वेश्चन टॅग, म्हणजे इंग्रजी वाक्याच्या शेवटी जोडलेला "आरन्ट यू?"सारखा छोटा प्रश्न. त्यातली तीन माणसं आधी सांगते, म्हणजे तुमचं दुखणं त्यांच्यापैकी कोणाशी जुळतं ते कळेल.

पहिला मुलगा मिहानमधल्या एका कंपनीत सपोर्टचं काम करतो. त्याची टीम लीड इंग्लंडमध्ये बसते. एकदा कॉलवर ती म्हणाली, "आय ॲम मूव्हिंग टू लीड्स." ह्याला वाटलं, आपणही दोन शब्द आपुलकीचे बोलावेत, आश्चर्य दाखवावं. तो म्हणाला, "यू आर मूव्हिंग टू लीड्स, आरन्ट यू?" ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "येस, आय जस्ट टोल्ड यू." मला त्याने विचारलं, "मॅडम, व्याकरण तर बरोबरच होतं ना? मग ती अशी काहून बोलली?"

दुसरी मुलगी. तिच्या मॅनेजरने ऑफिसच्या चॅटवर लिहिलं की शुक्रवारी मी सुट्टीवर आहे. आश्चर्य दाखवताना टॅग उलटा करायचा नसतो, हे तिने कुठेतरी ऐकलं होतं. तिने टाइप केलं, "ओह, सो यू आर टेकिंग फ्रायडे ऑफ, आर यू?" पाच मिनिटांनी उत्तर आलं. सुट्टी कधी मागितली, कोणी मंजूर केली, मागे काम कोण बघणार, सगळा हिशोब. तिच्या मनात काहीच नव्हतं, पण मॅनेजरला ती जाब विचारतेय असं वाटलं. त्या रात्री तिला झोप लागली नाही.

तिसऱ्याच्या बाबतीत उलटं झालं. त्याच्या वरिष्ठांनी त्याला विचारलं, "सो यू हॅव टेस्टेड इट, हॅव यू?" ह्याने साधा प्रश्न समजून "येस सर" म्हटलं आणि पुढच्या कामाला लागला. त्या वाक्यात शंका होती. "टेस्ट केलं म्हणतोस, खरंच केलंस का?" असं ते विचारत होते. पुरावा न देता हा गप्प बसला, म्हणून त्यांनी ते काम दुसऱ्याकडून पुन्हा तपासून घेतलं. ह्याने खरोखर टेस्ट केलं होतं.

एकाला व्याकरण येत असून भावना पोचवता आली नाही. दुसरीची नसलेली भावना पोचली. तिसऱ्याला समोरच्याची भावना ऐकूच आली नाही. तिन्हींचं मूळ एका जागी आहे आणि ते सापडलं की दुरुस्ती अवघड नाही.

बिघाड कुठे आहे

शाळेत आपल्याला क्वेश्चन टॅगचा एकच नियम पाठ झाला. वाक्य होकारार्थी असेल तर टॅग नकारार्थी, वाक्य नकारार्थी असेल तर टॅग होकारार्थी. परीक्षेत "क्वेश्चन टॅग लावा" असा प्रश्न यायचा, आपण सहाय्यकारी क्रियापद उलटं करायचो आणि मार्क घ्यायचो. नियम खरा आहे. पण तो टॅगच्या एका जातीचा नियम आहे. दुसरी जात आपल्याला कोणी दाखवलीच नाही.

पहिल्या जातीला मी वर्गात "उलटा टॅग" म्हणते. "यू लिव्ह इन धरमपेठ, डोन्ट यू?" दुसऱ्या जातीला म्हणते "सरळ टॅग". "ओह, यू लिव्ह इन धरमपेठ, डू यू?" इथे वाक्यही होकारार्थी आणि टॅगही होकारार्थी. परीक्षेच्या पेपरात हे लिहिलं तर चूक धरतील. पण इंग्लंडमधल्या घरात, ऑफिसात, बसमध्ये हे सर्रास बोललं जातं. टॅगचा सोस ब्रिटिशांना अमेरिकनांपेक्षा पुष्कळ जास्त, त्यामुळे तुमचा संबंध ब्रिटिश माणसांशी येत असेल तर हे रोज कानावर पडणार.

आता या दोन्हींत फरक काय? शिकवताना मला सगळ्यात जास्त वेळ इथे लागतो, आणि तो वेळ मी आनंदाने देते, कारण हे एकदा बसलं की पुढचं सगळं आपोआप जागेवर येतं.

स्वतःला एकच प्रश्न विचारा: हे वाक्य कोणाचं आहे?

"तुम्ही धरमपेठेत राहता" ही माहिती माझ्याकडे आधीपासून असेल, मला ती खरी वाटत असेल आणि तुमच्याकडून फक्त दुजोरा हवा असेल, तर वाक्य माझं. टॅग उलटा. पण ती माहिती मला आत्ता, याच क्षणी तुमच्या तोंडून किंवा समोरच्या एखाद्या खुणेवरून कळली असेल, तर वाक्य तुमचं. मी ते फक्त उचलून तुमच्यासमोर परत ठेवतेय. टॅग सरळ.

लीड्सच्या प्रकरणात नेमकं हेच चुकलं होतं. बातमी तिची होती. ह्याने उलटा टॅग लावून ती स्वतःची करून टाकली, जणू त्याला आधीच ठाऊक होतं आणि तो खात्री करून घेत होता. "लीड्सला चाललात ना तुम्ही?" असं त्याने विचारलं. ज्या बाईने नुकतंच सांगितलं तिला हे विचारलं तर ती दुसरं काय म्हणणार!

कान मराठीचा वापरा

मी सगळ्यांना आधी इंग्रजी बाजूला ठेवायला सांगते. आपल्या मराठीत हा फरक आहे, तोही लख्ख. फक्त आपण तो टॅगने दाखवत नाही, शेवटच्या एका शब्दाने दाखवतो.

"तुम्ही धरमपेठेत राहता ना?" इथे वाक्य माझं आहे. "अच्छा, धरमपेठेत राहता वाटतं!" इथे वाक्य तुमचं आहे, मला आत्ता कळलं. तसंच "म्हणे". "आजारी आहे म्हणे!" यात बोलणारा त्या आजारपणाची जबाबदारी घेत नाही, ज्याने सांगितलं त्याच्यावर ठेवतो. सूर थोडा बदलला की त्यात शंकाही येते. इंग्रजीत हेच "ओह, ही इज इल, इज ही?"

तेव्हा खूणगाठ बांधून ठेवा. तुमच्या मनातल्या मराठी वाक्याला शेवटी "ना" लागत असेल तर इंग्रजीत उलटा टॅग. "वाटतं", "म्हणे", "म्हणायचं", "तर मग" असं काही येत असेल तर सरळ टॅग.

आता नागपूरकरांची एक खास अडचण. आपण "ना" फार वापरतो. "हाव ना", "चाल ना बे", "सांगून राहिलो ना तुले". १९५६ पर्यंत हे शहर आधी मध्य प्रांताची आणि मग मध्य प्रदेशची राजधानी होतं. हिंदी आणि मराठी इथे पिढ्यान्‌पिढ्या एका ओसरीवर बसल्या आहेत आणि हिंदीतलं "है ना"ही आपल्या जिभेवर तितकंच सहज येतं. त्यामुळे दुजोरा नको असतानाही आपलं वाक्य "ना"वर संपतं. तीच सवय इंग्रजीत गेली की प्रत्येक वाक्यामागे "इझन्ट इट" येतं. "यू आर कमिंग, इझन्ट इट?" "ही हॅज गॉन, इझन्ट इट?" भारतीय इंग्रजीत हे इतकं रुळलंय की आपल्या माणसांत कोणाला खटकत नाही आणि मी त्यावरून कोणाला खाली मान घालायला लावत नाही. पण या एका "इझन्ट इट"मध्ये आश्चर्य बसत नाही, टोमणा बसत नाही, शंकाही बसत नाही. वाक्याचं क्रियापद आणि कर्ता टॅगमध्ये उतरले नाहीत तर पुढचं काहीच जमणार नाही. म्हणून भावना दाखवण्याआधी "इझन्ट इट"ची सवय सोडवावी लागते. त्याला दोन-तीन आठवडे लागतात. लागू द्या.

बर्फीचा रिकामा डबा

मागच्या उन्हाळ्यातल्या एका बॅचमध्ये कोणीतरी सीताबर्डीहून संत्रा बर्फीचा डबा आणला होता. मधल्या सुट्टीत मी फोनवर होते. परत आले तर टेबलावर डबा उघडा, आत बटर पेपर आणि त्यावर चिकटलेला केशरी चुरा. डब्याला सगळ्यात जवळ बसलेल्या मुलाकडे बघून मी त्याच क्षणी धडा सुरू केला. एकच घटना, तीन वाक्यं.

"यू हॅव ईटन ऑल द बर्फी, हॅवन्ट यू?" म्हणजे "सगळी बर्फी तूच संपवलीस ना?" माझी खात्री झालेली आहे. आता तू कबूल कर.

"सो यू हॅव ईटन ऑल द बर्फी, हॅव यू?" म्हणजे "अच्छा! म्हणजे सगळी बर्फी संपवली म्हणायची!" मला आत्ता डब्यावरून कळलं. आवाज हलका असेल तर नुसतं आश्चर्य, जड असेल तर टोमणा.

"यू हॅवन्ट ईटन ऑल द बर्फी, हॅव यू?" म्हणजे "सगळी संपवली नाहीस ना रे?" इथे मनात धाकधूक आहे. झालंय असं दिसतंय, पण विश्वास बसत नाही, झालं नसावं अशी इच्छा आहे.

या तिसऱ्या वाक्याकडे नीट बघा, कारण धक्का बसल्याचं आश्चर्य दाखवायला ते सगळ्यात उपयोगी आहे आणि आपली मुलं ते जवळजवळ वापरतच नाहीत. वाक्य नकारार्थी, टॅग होकारार्थी, म्हणजे शाळेतला नियमच. मराठीतही तिथे "ना"च येतो. "पाच वाजले नाहीत ना?" "इट इझन्ट फाइव्ह ऑलरेडी, इज इट?" "तुम्ही खरंच सोडून जात नाही ना?" "यू आर नॉट रिअली लीव्हिंग, आर यू?" लीड्सवाल्या मुलाला मनापासून धक्का बसला असता तर हे वाक्य शोभलं असतं. नुसती आपुलकी दाखवायची होती, तर त्याहून सोपा रस्ता होता.

सोपा रस्ता: दोन शब्दांचं आश्चर्य

समोरच्याने काही सांगितलं की पूर्ण वाक्य परत म्हणायची गरज नसते. नुसता टॅग परत द्या. "आय ॲम मूव्हिंग टू लीड्स." "आर यू?" "इट टच्ड ४५ इन नागपूर येस्टरडे." "डिड इट?" हे आपल्या "हो का!" किंवा "असं का जी!" सारखं आहे. सुरुवातीला मी सगळ्यांना हेच वापरायला सांगते, कारण यात चुकून टोमणा बसण्याची शक्यता कमी असते. मागे "व्हेन?" किंवा "हाउ लव्हली" असं काहीतरी जोडलंत तर अगदीच निर्धोक.

पण सूर सपाट ठेवू नका. "आर यू" खाली पडलं की त्याचा अर्थ "बरं, मग?" असा होतो. मराठीत "हो का" कोरडेपणाने म्हटलं की समोरचा गप्प होतो, अगदी तसं.

आणखी एक चूक इथे वारंवार होते. कोणी म्हणालं, "दॅट वॉज अ लव्हली लंच," आणि तुम्हालाही जेवण आवडलंय, तर "वॉज इट?" म्हणू नका. त्याचा अर्थ "होतं का चांगलं? मला नाही वाटलं" असा निघतो. तिथे म्हणायचं, "येस, वॉझन्ट इट!" सूर खाली. हे "हो ना!" आहे. वाक्य आता दोघांचं झालं, म्हणून टॅग उलटा. पुन्हा तोच प्रश्न, वाक्य कोणाचं?

टोमणा: दोन प्रकारचा

माझ्या वर्गाच्या खाली एक तर्री पोह्याची गाडी लागते. शनिवारी सकाळी वर्गाआधी आम्ही बरेच जण तिथे असतो. एकदा एका मुलाने तिसऱ्यांदा प्लेट पुढे केली, "भाऊ, तर्री टाका ना थोडी." गाडीवाल्या काकांनी पळी तशीच हातात धरली, त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "पोहे खायले आला का तर्री प्यायले?" आणि मग हसत दोन पळ्या ओतल्या.

वर जाऊन मी ते वाक्य फळ्यावर लिहिलं: "सो इट्स द तर्री यू हॅव कम फॉर, इज इट?" सरळ टॅगचा टोमणा असाच असतो. समोरच्याच्या वागण्यातून एक वाक्य उचलायचं आणि त्याच्याच पुढ्यात ठेवायचं. "ओह, यू थिंक यू आर क्लेव्हर, डू यू?" म्हणजे "स्वतःला मोठा शहाणा समजतोस काय?" शहाणा आहे हे त्याचं म्हणणं, माझं नाही. म्हणून टॅग सरळ.

दुसरा टोमणा वेगळा. एखाद्याने सामान उचलायला हात लावला नाही, फोन बघत बसला. तुम्ही म्हणता, "काय मदत झाली हो तुमची!" इंग्रजीत: "वेल, यू आर अ ग्रेट हेल्प, आरन्ट यू?" इथे टॅग उलटा आहे आणि मुलं गोंधळतात, कारण मी नुकतंच सांगितलेलं असतं की टोमण्याला सरळ टॅग. पण बघा, "तुम्ही फार मदत करता" हे वाक्य समोरच्याने म्हटलेलं नाही. मीच म्हणतेय, फक्त उलट्या अर्थाने. वाक्य माझं, म्हणून उलटा टॅग, सूर खाली पाडून. "दॅट वॉज क्लेव्हर, वॉझन्ट इट?" हेही त्याच घरातलं.

तिसराही एक प्रकार ऐकायला मिळतो. तो ओळखा, पण वापरू नका. तुम्ही विचारलंत, "व्हॉट डिड शी से?" आणि उत्तर आलं, "आय डोन्ट नो. आय वॉझन्ट देअर, वॉज आय?" ती व्यक्ती तिथे होती की नव्हती हे तुम्हाला कसं माहीत असणार? तरी ती दुजोरा मागतेय. म्हणजे "मी कुठे होते तिथे, मला काय विचारता?" ब्रिटिश बोलण्यात हा फटकारा नेहमीचा आहे. मराठी कानाला तो प्रश्न वाटतो आणि आपण भाबडेपणाने "नो, यू वेअरन्ट" असं उत्तर देतो. उत्तर अपेक्षित नसतं. विषय बदला.

सूर तपासा, तोही फोनवर

शब्द बरोबर आणि तरी टोमणा बसतोय, तर बिघाड सुरात आहे. सरळ टॅग बहुतेक वेळा वर चढतो. आश्चर्यात पूर्ण वाक्यच हलकं आणि थोडं घाईचं असतं, टॅग चटकन वर जातो. टोमण्यात "ओह" किंवा "सो" लांबतं, वाक्य हळू आणि खालच्या आवाजात चालतं आणि टॅग शेवटी जेमतेम उचलला जातो.

आपला घोळ असा होतो की आपण इंग्रजी सावकाश बोलतो. चूक होऊ नये म्हणून एकेक शब्द जपून ठेवतो. त्या सावकाशीमुळे साधं आश्चर्यही टोमण्यासारखं ऐकू येतं. माझ्या वर्गातल्या अर्ध्याअधिक मुलांचं हेच निदान निघतं आणि ते ऐकून त्यांना बरं वाटतं, कारण मनात वाईट नव्हतं हे सिद्ध होतं.

उपाय असा. फोनवर रेकॉर्डिंग लावा. आधी मराठीत म्हणा, "अरे वा, नवीन गाडी घेतली वाटतं!" पहिल्यांदा मैत्रिणीला म्हणताय असं समजून, दुसऱ्यांदा पैसे उसने घेऊन परत न केलेल्या माणसाला. मग लगेच, मधे न थांबता, तेच दोनदा इंग्रजीत: "ओह, यू हॅव बॉट अ न्यू कार, हॅव यू?" चारही ऐका. मराठीतला चढउतार इंग्रजीत आला नसेल तर पुन्हा. हे रोज दहा मिनिटं, घरात पंखा बंद करून, कारण पंख्याच्या घरघरीत शेवटचा "हॅव यू" ऐकू येत नाही. मे महिन्यात पंखा बंद करणं म्हणजे परीक्षाच, तेव्हा पहाटे करा.

क्रियापद सापडत नसेल तर

इथे थोडक्यात सांगते, कारण हे पुस्तकातही मिळतं. "शीज"मध्ये "इज" लपलंय की "हॅज", ते आधी ओळखा. "शीज लीव्हिंग, इज शी?" पण "शीज रिझाइन्ड, हॅज शी?" तसंच "यूड": "यूड लाइक सम टी, वुड यू?" पण "यूड नेव्हर मेट हर बिफोर, हॅड यू?" या दुसऱ्या वाक्यात आणखी एक मेख आहे. "नेव्हर", "हार्डली", "नोबडी" असले शब्द आले की "नॉट" नसतानाही वाक्य नकारार्थी धरतात. त्यामुळे "ही नेव्हर कॉल्स, डझ ही?" हा सरळ टॅग दिसतो, पण प्रत्यक्षात उलटा आहे. वाक्यात सहाय्यकारी क्रियापदच नसेल तर "डू", "डझ", "डिड".

नकारार्थी वाक्याला नकारार्थी टॅग लावून सरळ टॅग करू नका. "सो यू डोन्ट लाइक इट, डोन्ट यू?" असलं काही क्वचित ऐकू येतं, ते भांडणाच्या तोंडावर. बहुतेकांना ते चूकच वाटतं.

लिहिताना

चॅटवर आणि ईमेलमध्ये सरळ टॅग वापरूच नका. माझं यावर ठाम मत आहे. बोलताना आश्चर्य आणि टोमणा यांना वेगळं करतो तो सूर, आणि लिहिण्यात सूर नसतो. वाचणाऱ्याचा दिवस वाईट गेला असेल तर तो टोमणाच वाचणार. शुक्रवारच्या सुट्टीवाल्या मुलीला मी एवढंच लिहायला सांगितलं असतं: "ओह, आय डिडन्ट नो. एंजॉय द ब्रेक!" वरिष्ठांशी, इंटरव्ह्यूमध्ये, नव्या ओळखीत तोंडीसुद्धा "आर यू?" "डिड यू?" इतपतच ठेवा. "ओह, सो" अशी सुरुवात करून सरळ टॅग लावणं ही बरोबरीच्या माणसांतली भाषा आहे. आपणही मोठ्यांना "आलात वाटतं!" असं म्हणताना दोनदा विचार करतो.

ती वेळ येऊन गेलीच असेल, म्हणजे समोरच्याने राग धरला असेल, तर टॅगचं व्याकरण समजावत बसू नका. "आय वॉज जस्ट सरप्राइज्ड, आय डिडन्ट मीन टू क्वेश्चन इट." एवढं पुरतं.

तुमच्यावर टॅग आला तर

आता तिसऱ्या मुलाची अडचण. "सो यू हॅव..., हॅव यू?" असं वरिष्ठांकडून ऐकलं की आधी हे समजा की ते वाक्य त्यांनी अजून स्वतःचं मानलेलं नाही. ते तुमचं वाक्य तुमच्याकडे परत करतायत. नुसतं "येस सर" म्हटल्याने ते वाक्य तुमच्याच हातात राहतं. त्यासोबत एक ठोस गोष्ट द्या. "येस, आय हॅव. आय रॅन इट धिस मॉर्निंग, आयल सेंड यू द लॉग." सूर चिडका नको, स्वतःचा बचाव करताय असाही नको. माहिती द्या.

नकारार्थी आलं, "यू हॅवन्ट टेस्टेड इट, हॅव यू?" तर आपण मराठीच्या सवयीने "येस" म्हणतो, म्हणजे "हो, नाही केलं". इंग्रजीत तिथे "येस"चा अर्थ "केलंय" असा होतो. केलं नसेल तर "नो, आय हॅवन्ट". या एका शब्दावरून कामाची मोठी गफलत होऊ शकते, तेव्हा नुसतं "येस" किंवा "नो" म्हणून थांबू नका, मागचं "आय हॅव" किंवा "आय हॅवन्ट" जोडाच.

हे आम्ही त्या मुलाकडून महिनाभर घोटवून घेतलं. मी वरिष्ठ व्हायची, तो तो. कधी मी प्रश्नाचा सूर हलका ठेवायची, कधी जड, आणि त्याने आधी मराठीत सांगायचं, मॅडम, हे "ना" आहे की "म्हणे" आहे. सुरुवातीला दहापैकी चार बरोबर यायची. महिन्याच्या शेवटी एखादीच चुकायची.

मग एका संध्याकाळी वर्ग सुटल्यावर तो दारात थांबला. त्या दिवशी कॉलवर पुन्हा तेच झालं होतं. वरिष्ठ म्हणाले, "सो यू हॅव फिक्स्ड इट, हॅव यू?" ह्याने "येस, आय हॅव" म्हटलं, स्क्रीन शेअर केली आणि सकाळपासूनच्या नोंदी खालीवर करून दाखवल्या. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग वरिष्ठ म्हणाले, "यू हॅव, हॅवन्ट यू."

"मॅडम," तो म्हणाला, "टॅग उलटा झाला ना! आता ते वाक्य त्यांचं झालं."